इंजिन बदललेली जुनी जिप्सी पीयूसीत कशी पास करायची

जुन्या मारुती जिप्सीत मारुतीच्याच एस्टीम गाडीचं १.३ लिटरचं एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणारं) इंजिन बसवणं आता कुणाला नवीन नाही. गाडी पळते, घाट सहज चढते, मालक खूश असतो. मग पीयूसी केंद्रावर नळी सायलेन्सरमध्ये जाते आणि सीओचा, म्हणजे कार्बन मोनॉक्साइडचा, आकडा मर्यादेच्या कितीतरी वर चढतो. अशा वेळी पहिला संशय इंजिनावर येतो, पण बहुतेकदा दोष इंजिनात नसतो. भंगारातून इंजिन येतं, त्याच्याभोवतीचं सामान येत नाही. धुरातला ऑक्सिजन मोजणारा लॅम्डा सेन्सर काढताना तुटलेला असतो, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आतल्या मौल्यवान धातूंसाठी वेगळा विकलेला असतो, थर्मोस्टॅट कुणीतरी आधीच फेकून दिलेला असतो, वायरिंग मधेच कापलेलं असतं. त्यात आरसीवर लिहिलेलं एक आणि बॉनेटखाली दुसरंच असलं की तांत्रिक दुरुस्ती करूनही काम अडकतं. म्हणून सुरुवात कागदांपासून करायची.

आधी कागद

एमपरिवाहन ॲपवर किंवा परिवहन पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून पाच गोष्टी पाहा: इंजिन नंबर, इंधन, सीसी, उत्पादनाचा महिना-वर्ष आणि उत्सर्जन मानक. पीयूसी केंद्राचं सॉफ्टवेअर याच नोंदीवर चालतं. पेट्रोल गाडीला कोणती मर्यादा लावायची हे गाडीत बसलेल्या इंजिनावरून नाही, गाडीच्या नोंदीवरून ठरतं. जुन्या गाड्यांच्या नोंदीत मानकाची जागा रिकामी किंवा चुकीची असू शकते. गाडी ऑनलाइन दिसतच नसेल तर आधी आरटीओत बॅकलॉग नोंद (जुनी नोंद ऑनलाइन चढवणं) करून घ्यावी लागते, त्याशिवाय पीयूसी निघत नाही.

इंजिन बदलाचा कायदा मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ मध्ये आहे. उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापासून फारकत घेणारा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. इंजिन बदललं की त्याची माहिती १४ दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्याला, म्हणजे तुमच्या आरटीओला, द्यायची असते. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१९ च्या निकालानंतर आरटीओ या बाबतीत जास्तच काटेकोर झाले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यामुळे आधी इंजिन बसवून नंतर कागद करू, हा क्रम उलटा आहे. आधी अर्ज, मग क्रेन.

कोणता बदल कितपत सोपा? त्याच मेकचं, त्याच प्रकारचं इंजिन बसवलं तर आरसीवर फक्त इंजिन नंबर बदलतो. हे सर्वांत सरळ. १९९६ पासूनच्या जिप्सी किंगमध्ये आठ व्हॉल्व्हचं, कार्बोरेटरवालं जी१३बीए इंजिन होतं आणि साधारण २००० पासून सोळा व्हॉल्व्हचं, एमपीएफआयवालं जी१३बीबी आलं. दोन्ही १२९८ सीसीची, दोन्ही पेट्रोल, आणि दोन्ही कंपनीने स्वतः जिप्सीत दिलेली. अर्जात ही गोष्ट ठळक मांडावी. तरीही निर्णय आरटीओचा असतो, म्हणून इंजिन विकत घेण्याआधी लेखी विचारणा करून ठेवा. ९७० सीसीच्या एफ१०ए जिप्सीत १.३ चं इंजिन टाकायचं तर सीसीही बदलते आणि काम कठीण होतं. पेट्रोल गाडीत डिझेल इंजिन टाकलं असेल तर आजच्या परिस्थितीत ते आरसीवर चढवून घेण्याची आशा फारशी धरू नये. नोंदीत पेट्रोल आणि नळीतून डिझेलचा धूर, अशा गाडीची पीयूसी नीटपणे निघूच शकत नाही.

इंजिन कुर्ल्याहून आणा नाहीतर गावातल्या भंगारवाल्याकडून, इंजिन नंबर लिहिलेलं जीएसटी बिल आणि ज्या गाडीतून ते निघालं तिच्या आरसीची प्रत घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. नंबर घासलेला असेल तर इंजिन कितीही चांगलं असो, हात लावू नका. तो नंबर चोरीच्या गाडीचा नाही याची पोलिसांकडची खात्री आरटीओ मागू शकतं. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं संमतिपत्रही लागेल. आणखी एक अडचण अशी की अर्जाबरोबर चालू पीयूसी आणि विमा मागतात. जुनं इंजिन गाडीत असतानाच पीयूसी ताजी करून ठेवा.

गाडीला कोणती मर्यादा लागते

पेट्रोलच्या चारचाकीला स्लोवर, म्हणजे आयडलिंगवर, तपासतात. भारत स्टेज २ (बीएस-२) या उत्सर्जन मानकाच्या आधीच्या गाडीला सीओ ३ टक्के आणि एचसी (हायड्रोकार्बन, म्हणजे न जळालेलं इंधन) १५०० पीपीएम. भारत स्टेज २ आणि ३ ला सीओ ०.५ टक्का, एचसी ७५० पीपीएम. भारत स्टेज ४ पासून पुढे सीओ ०.३ टक्का आणि एचसी २०० पीपीएम, शिवाय २५०० आरपीएमला (२०० इकडे-तिकडे) सीओ ०.२ टक्क्याच्या आत आणि लॅम्डा (हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा) ०.९७ ते १.०३. भारत स्टेज ४ च्या आधीच्या गाडीची पीयूसी सहा महिनेच चालते.

इथे शहराचा फरक लक्षात घ्या. भारत स्टेज २ मुंबईत २००१ पासून होतं, पण देशभर एप्रिल २००५ मध्ये आलं. म्हणजे २००२ सालची मुंबईत विकलेली जिप्सी आणि त्याच साली साताऱ्यात विकलेली जिप्सी यांच्या सीओच्या मर्यादेत सहापट फरक पडू शकतो. केंद्रावर चुकीची मर्यादा लागली असं वाटलं तर भांडण्याआधी नोंदीतलं मानक पाहा. दुरुस्ती तिथेच करावी लागते.

१९९७ च्या जिप्सीत जी१३बीबी बसवलं तर कागदावर मर्यादा ३ टक्क्यांची राहते आणि धडधाकट एमपीएफआय इंजिन ०.५ च्या आतच असतं. अशी गाडी नापास झाली तर ट्यूनिंग किंचित इकडे-तिकडे असल्याची शंका घेण्यात वेळ घालवू नका. काहीतरी तुटलंय, सुटलंय किंवा बसवायचंच राहिलंय. उलट, नव्या गाडीत जुनं कार्बोरेटरवालं इंजिन टाकलं असेल तर ०.५ च्या आत टिकवणं जिकिरीचं जातं. तो बदल करूच नये.

इंजिनाबरोबर काय काय हवं

इंजिन, ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर), पूर्ण वायरिंग आणि सगळे सेन्सर एकाच गाडीतून घ्या. त्या गाडीला इमोबिलायझर असेल तर त्याचं युनिट आणि चावीही घ्या, नाहीतर गाडी सुरूच होणार नाही. एस्टीममध्ये इंजिन आडवं असतं, जिप्सीत गाडीच्या लांबीच्या दिशेने उभं. त्यामुळे ऑइल संप, त्याची सक्शन जाळी, माउंटिंग आणि फ्लायव्हील जिप्सीचं वापरावं लागतं, आणि एक्झॉस्टचा पाइप नव्याने वाकवावा लागतो. पीयूसीच्या दृष्टीने सगळी गोम या पाइपात आहे.

लॅम्डा सेन्सरची जागा मॅनिफोल्डच्या जितकी जवळ तितकी चांगली. चारही सिलिंडरचा धूर एकत्र येतो त्याच्या लगेच पुढे पाइपला भोक पाडून एम१८ × १.५ आट्यांचा नट वेल्ड करून घ्या. सेन्सर आडव्यापेक्षा निदान दहा अंश वर तोंड करून बसला पाहिजे, म्हणजे पाइपातलं पाणी त्यावर साचत नाही. हा सेन्सर साधारण ३०० अंश तापल्यावरच काम करतो. एका वायरचा, हीटर नसलेला सेन्सर लांब मागे बसवला तर स्लोवर तो गार पडतो. ईसीएमला त्याच्याकडून काही कळत नाही आणि ते अंदाजाने पेट्रोल सोडत राहतं. जागा मागेच मिळत असेल तर हीटरवाला चार वायरचा सेन्सर लावा आणि हीटरला इग्निशनवरून, फ्यूजमधून, करंट द्या.

सेन्सरच्या आधी कुठेही एक्झॉस्ट फुंकत असेल, मॅनिफोल्डचं पॅकिंग जळलेलं असेल किंवा वेल्डमध्ये बारीक भोक असेल, तर तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला जास्तीचा ऑक्सिजन दिसतो, ईसीएमला वाटतं मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) झालंय, आणि ते पेट्रोल वाढवतं. इंजिन बदललेल्या गाडीत सीओ वाढण्याचं हे कारण नेहमी सापडतं आणि नेमकं हेच शेवटी तपासलं जातं. गाडी थंड असताना सुरू करा, मदतनिसाला कापडाने सायलेन्सरचं तोंड क्षणभर दाबायला सांगा, आणि प्रत्येक जोडापाशी फुसफुस ऐका.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सेन्सरनंतर, पण इंजिनापासून फार लांब नको. २५० ते ३०० अंशांच्या खाली तो काही करत नाही. घेताना उजेडासमोर धरून आतलं जाळं शाबूत आहे का पाहा, रबरी हातोडीने ठोकून खुळखुळ येते का ऐका. बाजारात पोकळ डबेही कन्व्हर्टर म्हणून विकले जातात. कन्व्हर्टर चुकीच्या इंजिनाचं पाप धुवून काढेल ही आशाही ठेवू नका. घट्ट (पेट्रोल जास्त असलेल्या) मिश्रणावर चाललेलं इंजिन चांगला कन्व्हर्टर काही महिन्यांत निकामी करतं.

पेट्रोलची लाइन दुसरी महत्त्वाची गोष्ट. कार्बोरेटरच्या गाडीचा यांत्रिक पंप पाव बारच्या आसपास दाब देतो, एमपीएफआयला अडीच ते तीन बार लागतो. टाकीत किंवा टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप, इंजेक्शनसाठीचाच फिल्टर आणि उच्च दाबाची ‘आर९’ छापाची नळी वापरा. साधी कार्बोरेटरची नळी या दाबाला फुटते आणि आग लागते. परतीची नळीही हवीच, तीही पुरेशी मोकळी. ती चेंगरलेली असली तर इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या फ्युएल रेलमधला दाब वाढतो आणि प्रत्येक इंजेक्टर जास्त पेट्रोल सोडतो. हा दाब राखणाऱ्या रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी सुटली तरी स्लोवर हेच होतं.

आता थर्मोस्टॅट. ‘आपल्याकडे गरमीच एवढी, व्हॉल्व्ह कशाला’ म्हणून तो काढून टाकायची गॅरेजमधली जुनी सवय एमपीएफआयला अजिबात चालत नाही. इंजिन तापत नाही, ईसीएम समजतं की गाडी नुकतीच सुरू झालीय, आणि चोक ओढल्यासारखं पेट्रोल देत बसतं. ८२ अंशांचा थर्मोस्टॅट बसवा. तापमानाचे सेन्सर दोन असतात हेही विसरू नका. एका वायरचा डॅशबोर्डच्या काट्यासाठी, दोन वायरचा ईसीएमसाठी. काटा नीट चालतो म्हणून सगळं ठीक मानलं जातं आणि दुसरा जोडायचाच राहतो. मल्टीमीटरने मोजा: २० अंशांना सुमारे अडीच किलोओहम, ८० अंशांना सुमारे ३०० ओहम.

केंद्रावर जाण्याआधी

ऑइल आणि फिल्टर बदला. घट्ट मिश्रणावर बरेच दिवस चाललेल्या इंजिनाच्या ऑइलमध्ये पेट्रोल मिसळलेलं असतं. गरम झालं की त्याची वाफ पीसीव्ही व्हॉल्व्हमधून परत इंजिनात जाते आणि सगळं दुरुस्त करूनही सीओ खाली येत नाही. एअर फिल्टर नवा घाला. प्लग काढून बघा: कोरडी काळी काजळी म्हणजे मिश्रण घट्ट, पांढुरके म्हणजे पातळ, एकच ओला म्हणजे त्या सिलिंडरला मिसिंग (पेट्रोल नीट पेटत नाही). प्लगच्या नंबरशेवटी ११ असेल तर गॅप १.१ मिमी.

चावी फिरवल्यावर चेक इंजिनचा दिवा लागला पाहिजे आणि गाडी सुरू झाल्यावर विझला पाहिजे. दिवा लागतच नसेल तर आनंद मानू नका, बल्ब काढलेला असू शकतो.

मग गाडी गरम करून २५०० आरपीएमवर धरा आणि लॅम्डाच्या वायरवर व्होल्ट बघा. आकडा ०.१ ते ०.९ च्या दरम्यान झपाझप वरखाली व्हायला हवा. ०.८ वरच अडकला तर मिश्रण खरोखर घट्ट आहे: दाब, रेग्युलेटर, तापमानाचा सेन्सर, गळणारा इंजेक्टर बघा. ०.१ वर अडकला आणि प्लग मात्र काळे असतील, तर एक्झॉस्टमध्ये हवा शिरतेय किंवा सेन्सर मेलाय.

पावतीवरचे आकडे काय सांगतात

सीओ जास्त, एचसी बेताची: पेट्रोल जास्त जातंय, ठिणगी ठीक आहे. एचसी जास्त, सीओ कमी: पेट्रोल न जळताच बाहेर पडतंय. प्लग, हाय टेन्शन वायर, आवळून बसलेले टॅपेट, इनटेक मॅनिफोल्डचं फाटलेलं पॅकिंग, या क्रमाने शोधा. एका सिलिंडरची मिसिंगसुद्धा एचसी हजारांत नेते. दोन्ही जास्त असतील तर मिश्रण इतकं घट्ट आहे की ते धड जळतही नाही, आणि कन्व्हर्टरही कामातून गेलाय. मशीन चार वायू दाखवत असेल तर सीओटू (कार्बन डायऑक्साइड) बघा. निरोगी पेट्रोल इंजिनाला तो १३ ते १५ टक्के असतो. तो ८-१० वर आणि ऑक्सिजन ५ च्या वर दिसला तर नळीत बाहेरची हवा मिसळतेय. तो रिडिंग चांगला दिसला तरी खोटा आहे.

गाडीत जुनं कार्बोरेटरवालंच इंजिन बदली म्हणून बसवलं असेल तर काम सोपं आहे. चोक पूर्ण उघडतो का, फ्लोटची पातळी बरोबर आहे का, टायमिंग मॅन्युअलप्रमाणे आहे का हे पाहा. मग गरम इंजिन ८०० ते ९०० आरपीएमवर ठेवून मिश्रणाचा स्क्रू फिरवा आणि सीओ १ ते दीड टक्क्यावर आणा. मर्यादा ३ ची आहे, शून्याच्या मागे लागू नका. मिश्रण फार पातळ केलं की मिसिंग सुरू होते आणि एचसी उसळते. पंपावरच्या ई२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलमुळे कार्बोरेटर आधीच थोडा पातळ चालतो, त्यामुळे जुनं सेटिंग डोळे झाकून लावू नका. इथेनॉलने जुन्या रबरी नळ्या आणि डायफ्रामही फुगतात, तेही बदलून टाका.

जुन्या डिझेल जीपमध्ये त्याच प्रकारचं डिझेल इंजिन बसवलं असेल तर चाचणी वेगळी असते. गिअर न्यूट्रलला ठेवून ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबतात आणि धुराची घनता मोजतात. भारत स्टेज ४ च्या आधीच्या गाडीला ६५ हार्ट्रिज, म्हणजे २.४५ प्रति मीटर, आणि स्टेज ४ ला ५० हार्ट्रिज. काळा धूर बहुतेकदा पंपाचा मॅक्स फ्युएल स्क्रू ‘पिकअप’साठी कुणीतरी आवळून ठेवल्यामुळे येतो. पंप आणि नोझल बेंचवर सेट करून घ्या. इंजिनाला टायमिंग बेल्ट असेल आणि तो किती चाललाय हे माहीत नसेल, तर चाचणीआधी बदलाच. त्या झटक्यात तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात.

चाचणीच्या दिवशी

पंधरा-वीस किलोमीटर गाडी चालवून थेट केंद्रावर जा. ऑइल निदान ६० अंश गरम हवं. रांग असेल तर इंजिन बंद करून बसू नका, कारण कन्व्हर्टर गार पडतो. नंबर आला की २५०० आरपीएमवर दोन-तीन मिनिटं धरा, स्लोवर सोडा, आणि लगेच नळी घालायला सांगा. एसी, दिवे, पंखा बंद.

नळी निदान ३०० मिमी आत गेली पाहिजे. बदललेल्या सायलेन्सरचं शेपूट बरेचदा आखूड किंवा खाली वाकवलेलं असतं आणि नळी वीतभरही जात नाही. घट्ट बसणारा एक्स्टेंशन पाइप बरोबर ठेवा. तुमच्या आधी टू-स्ट्रोक स्कूटर तपासली असेल तर नळीत तेलकट एचसी राहिलेली असते, म्हणून ऑपरेटरला उघड्या हवेत मशीन शून्य करून घ्यायला सांगा. ‘धूर न बघता पावती’ देणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. पासिंगच्या दिवशी गाडी निरीक्षकासमोर उभी करायचीच असते.

पास झाल्यावर पावतीवरचे आकडे इंजिन बदलाच्या फाइलमध्ये लावून ठेवा. सहा महिन्यांनी सीओ ०.३ वरून १.२ वर गेला असेल तर ३ टक्क्यांच्या मर्यादेत असूनही सेन्सर किंवा कन्व्हर्टर उतरणीला लागल्याचं तिथेच कळतं. आरसीवर नवा इंजिन नंबर चढला की विमा कंपनीला कळवून पॉलिसीवर दुरुस्ती घ्या. अपघातानंतर नंबर जुळला नाही तर दावा नाकारायला त्यांना कारण मिळतं. पंधरा वर्षांनंतरच्या नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत करता येतो. त्या तपासणीला जाताना ब्लॉकवरच्या इंजिन नंबरची जागा रॉकेल आणि मऊ ब्रशने साफ करा. पॉलिश पेपर लावू नका, ओरखडे दिसले की नंबर छेडल्याचा संशय येतो आणि फाइल पुन्हा पहिल्या टेबलावर जाते.